टिचबटणांचं झबलं

ढाणकीतल्या माझ्या दुकानात वनपीस मागणारं पहिलं गिऱ्हाईक आलं, तेव्हा मी त्याला झबलं विकून परत पाठवलं. फुलसावंगीकडची एक आजी होती. नातू झाला होता आणि सुनेने तिला मोबाइलवर चित्र दाखवलं होतं. आजी हातवारे करून सांगत होती, "वरचं अन् खालचं एकच राह्यते न बाई, अन् दोन पायाच्या मधात टिचबटनं."

"आजी, पोरगं मुतलं का पार गळ्यालोक ओलं होते ते," मी म्हटलं. "झबल्याचं कसं, खालचं लंगोट बदललं का झालं."

"मंग सून काहून मागून राह्यली?"

"तिले धुवा लागत नाही म्हणून. धुनार कोन? तुमी."

आजी झबलं घेऊन गेली. तेही एक माप मोठं.

आमच्याकडे बाळाचा कपडा असाच घेतात. जन्माआधी काही आणायचं नाही, त्यामुळे सगळी खरेदी बाळंतपणानंतर, घाईत. बाळ सोबत नसतं. आजी किंवा आत्या येते, कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवून "एवढं हाये" म्हणते आणि मग त्याहून मोठं मागते. वाढत्या अंगाचं. झबल्याला ते चालतं. बाह्या दुमडल्या, बंद आवळून बांधले, की बाळ झाकलं जातं, आणि बाळ बसायला लागेपर्यंत तेच झबलं पुरतं. मी स्वतः हेच सांगून माल विकत आले. आधी आठवडी बाजारात जमिनीवर चादर टाकून बसायची, कटपिसातून स्वतः शिवलेली झबली घेऊन. नंतर टपरी झाली, नंतर दुकान. आईवडील लवकर गेले. धाकटा भाऊ त्या झबल्यांवर शिकला, यवतमाळला सरकारी नोकरीत लागला, आणि त्याचं लग्नही मीच केलं.

मुलीकडचे यवतमाळचेच. दोन पिढ्यांपासून घरात नोकरी. साखरपुड्याला भावाच्या सासूबाईंनी मला विचारलं, "तुम्ही बाजारात बसायच्या ना? कठीणच गेलं असेल, नाही?" वाक्यात वाईट काही नव्हतं. पण विचारून झाल्यावर त्यांनी शेजारच्या बाईकडे कसं पाहिलं, ते मी पाहिलं. ते मी अजून सोडलेलं नाही.

मग भावाला मुलगी झाली. बाळंतपण माहेरी, म्हणून बारसंही त्यांच्याच घरी. बारशाला बाळाच्या अंगावर आत्याने आणलेला कपडा असतो, आणि नाव आत्या ठेवते. त्या घरात माझी जागा होती ती एवढीच, आणि ती मला पूर्ण हवी होती. बारशाच्या आदल्या दिवशी वहिनीचा फोन आला.

"ताई, झबलं नका आणू हं. वनपीस आणा. फोटोत चांगलं दिसतं."

"माह्या दुकानात नाही ते."

"मग राहू द्या. आम्ही ऑनलाइन मागवलेत, त्यातलंच एक घालू."

"आत्याचंच घालतेत," मी म्हटलं. "आनते मी."

सकाळच्या एसटीने यवतमाळला उतरले आणि आधी माझ्या ठोक व्यापाऱ्याकडे गेले. त्याने गठ्ठा सोडला. बरेचसे वनपीस पातळ होते, दोन धुण्यांत जाळी होणारे. मी एक फिकट पिस्ता रंगाचा उचलला. चांगला सुती, गळ्याला पांढरी पट्टी.

"सुटा नग नाही देत, ताई. गठ्ठ्यातला आहे."

"मंग गठ्ठा बांधा, मी चालली. अन् दिवाळीच्या मालाचं दुसऱ्या दुकानात पाह्यते आता."

त्याने मुकाट्याने नग बाजूला काढला. मी प्रत्येक टिचबटण उघडून लावून पाहिलं आणि एक ढिलं आहे म्हणून आणखी भाव पाडला. ढिलं नव्हतं.

"बाळ केवढं आहे?" त्याने पिशवी उघडता उघडता विचारलं.

"आज बारसं हाये."

"मग हे नका नेऊ. हे सहा ते नऊ महिन्यांचं आहे. लहान देतो."

"लहान घेतलं तं महिन्यात फेका लागन. फेकाले कोनी कपडा घेते काय?"

"ताई, हे झबलं नव्हे. याला बंद नाहीत, आवळता येत नाही."

"तुमी मले कपडा शिकवू नका. टाका पिशवीत."

मी घरी पोचले तेव्हा बाळाची अंघोळ, धुरी सगळं आटपलं होतं. खोलीत बायका दाटीने बसल्या होत्या. भावाच्या सासूबाईंनी माझा वनपीस हातात घेतला, बोटांत चुरून पाहिला आणि म्हणाल्या, "कापड छान आहे हो." पुढे काय येतं याची मी वाट पाहत राहिले. पुढे काही आलं नाही. त्यांनी तो बाळाला घातला.

गळ्यातून एक खांदा बाहेर आला. तो आत घेतला तर दुसरा आला. बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या, आणि जी टिचबटणं मांड्यांमध्ये यायची, ती पावलांच्या खाली गादीवर पडली होती.

"अगंबाई, पोरगी कुठे गेली?" शेजारची एक बाई म्हणाली.

"वाढत्या अंगाचं हाये," मी म्हटलं.

"हो ना. दुसऱ्या मुलाच्या बारशापर्यंत होईल हिला."

सगळ्या हसल्या. वहिनीही तोंडावर हात धरून हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि घडी केलेला एक पांढरा वनपीस घेऊन आल्या.

"ताई, तुमचं तिला पुढे होईलच. आत्ता हे घालते."

माझं डोकं फिरलं. "घाला न. मंग नाव बी ऑनलाइनच मागवा."

दारात उभा असलेला भाऊ म्हणाला, "ताई, जाऊ दे न. कपडाच तं हाये."

"कपडाच हाये म्हन्ते. कायच्यावर शिकला रे तू?"

मी पिशवी उचलली आणि दाराकडे निघाले. बाजारात हे रोजचं आहे. सौदा मोडून चालू लागायचं, पण पावलं हळू टाकायची. समोरच्याला माल द्यायचा असेल तर तो हाक मारतो. भाऊ दारातून बाजूला झाला नाही. मी त्याला बाजूला करणार तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "थांबा. तुम्हाला कसं पाहिजे ते सांगा."

"कपडा तुमचा," मी म्हटलं, "पन घालनार मी. तुमी कोनी हात लावाचा नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जमेल? नाजूक आहे अजून."

"हेच तं करत आली जन्मभर."

हे खरं नव्हतं. मी झबली शिवली होती, विकली होती. मला मूल नाही, आणि जिवंत बाळाला कपडा घालायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी मांडी घातली, बाळ पुढ्यात घेतलं आणि माझा वनपीस काढून बाजूला टाकला. ते तेलाने निसटत होतं. पांढऱ्याचा गळा ताणून डोक्यावरून घ्यायला लागले तशा दोघीतिघी एकदम ओरडल्या, "टाळू सांभाळा, टाळू!" वहिनीने बसल्या जागेवरून सांगितलं की खांद्यावरचे एकावर एक आलेले पदर ताणले की हा पायांकडूनही वर चढवता येतो. मी तसं केलं. हात बाह्यांत गेले. राहिली टिचबटणं.

दोन लागली आणि तिसऱ्याला जोडीच उरली नाही. म्हणजे पहिलंच चुकलं होतं. सगळी उघडली. बाळ रडायला लागलं आणि पाय झाडायला लागलं. एक पाय धरला की दुसऱ्याने लाथ बसायची. पुन्हा लावली, पुन्हा चुकली. आता कोणी हसत नव्हतं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. माझ्या कपाळावरून घाम उतरला.

तेवढ्यात सासूबाई समोर येऊन बसल्या. हातभर बांगड्या खळखळ वाजवत त्यांनी बाळाची दोन्ही पावलं एका मुठीत धरली.

"हात लावाचा नाही असं ठरलं होतं," मी म्हटलं.

"कपड्याला कुठे लावला?" त्या म्हणाल्या.

या बाईने बाजारात दुकान मांडलं असतं तर माझं चाललं नसतं, असं मला वाटलं. पाय हलायचे थांबले तशी तिन्ही टिचबटणं एकामागून एक लागली.

बाळ पाळण्यात ठेवलं. पिस्ता रंगाचा वनपीस बाजूला गादीवर तसाच पडला होता. कोणी घडी घातली नव्हती. मी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं. आत्या नाव सांगते तेव्हा मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, ती रीतच आहे. मला ते भरपूर बसले. त्यातला सगळ्यात जोरदार कोणाचा, ते बांगड्यांच्या आवाजावरून वळून न बघता कळलं. त्या धपाट्याने नाव माझ्या तोंडातून अर्धंच बाहेर पडलं होतं, म्हणून मी ते पुन्हा एकदा, मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, पूर्ण सांगितलं.