कालव्याचे दुसरे टोक

‘एकाच प्रयत्नात रक्तस्राव बंद’ असे शीर्षक देऊन परिषदेसाठीची माझी स्लाइड तयार होती. प्रोसीजरनंतर तिसऱ्या सकाळी राऊंडला गेले, तर शंकररावांच्या डाव्या बरगड्यांवरची सूज पुन्हा नारळाएवढी झाली होती. हिमोग्लोबिनही घसरले होते.

शंकरराव तंजावरी मराठी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन चेन्नईत एग्मोरला राहणारे. हृदयातल्या कृत्रिम झडपेसाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेत. घरात पडले, बरगडी मोडली आणि छातीच्या भिंतीत रक्त साठू लागले. सूज ओसरे, पुन्हा भरे. गोळ्या थांबवल्या होत्या. पण फार दिवस थांबवल्या तर झडपेवर गुठळी होण्याची भीती. म्हणून एम्बोलायझेशन: जांघेतल्या धमनीतून बारीक नळी नेऊन गळकी रक्तवाहिनी आतूनच बंद करणे.

सुवर्णपदकप्राप्त फेलो या नात्याने मी त्यांना आकृती काढून समजावले होते. पाठीकडून, महाधमनीतून निघणारी वाहिनी बरगडीखालून पुढे येते. तिच्यात प्लॅटिनमची कॉइल बसवायची.

“डॉक्टरअम्मा, पुढच्या टोकानें पाणी येत नाही का? आमचे कावेरीचे कालवे एकीकडे अडवले तर दुसरीकडून भरत.”

“आजोबा, शरीर म्हणजे पाटबंधारे खाते नव्हे.”

या विनोदावर त्या खोलीत मी एकटीच हसले होते.

आता विभागप्रमुख मॅडम त्या प्रोसीजरची माझी एक्स-रे चित्रे पाहत होत्या. “इंटर्नल मॅमरी तपासलीस?”

छातीच्या मधल्या हाडाशेजारून उतरणारी ही धमनी त्याच वाहिनीला पुढून रक्त पुरवते. परीक्षेत हा प्रश्न आला होता. मला पूर्ण गुण होते.

“नाही, मॅडम. गळती थांबलेली दिसली आणि...”

“आणि फोटो छान आले.”

त्याच दुपारी मनगटातून नळी घातली. एक्स-रेत दिसणारा डाय सोडताच पुढून येणारी गळती पडद्यावर धुरासारखी पसरली. त्या फाट्यात वैद्यकीय गोंद सोडला. या वेळी दोन्ही टोके तपासली. मग मॅडमना तपासायला लावली.

सूज पुन्हा भरली नाही. काही दिवसांनी गोळ्या सुरू झाल्या. डिस्चार्जचे कागद हातात घेत शंकरराव म्हणाले, “अम्मा, आमच्या खात्यांत येणार का? शिफारस करतों.”

स्लाइडच्या शीर्षकात मी ‘एकाच’ खोडून ‘दुसऱ्या’ लिहिले. पूर्ण गुण मिळवलेले ते उत्तर शंकररावांच्या वेळी कामी आले नाही. त्यापायी त्यांना दोन पिशव्या रक्त चढवावे लागले.