गुरुवारची पेट्रोल माझी होती

आमची चौकी तेरा हजार फुटांवर होती. सकाळी साडेपाचला हत्यारं घेऊन मोर्चावर स्टँड-टू, सातला रेडिओ चेक, नऊला पेट्रोल पार्टी गस्तीला बाहेर. मी नायक होतो, सेक्शनचा टू-आयसी, म्हणजे कमांडरनंतरचा. चौदा महिने घरी गेलो नव्हतो.

सुट्टी मिळत नाही, असं मी घरी सांगायचो. ते खोटं होतं. माझी पाळी दोनदा आली, दोन्ही वेळा मी ती दुसऱ्याला दिली.

घर उरणकडे. मिठागर बंदराच्या प्रकल्पात गेल्यावर बाबांनी दोन ट्रेलर घेतले, ते भाऊ चालवायचे. कोणी कुठे जायचं, सुनांनी माहेरी किती दिवस राहायचं, सगळं बाबा ठरवत. मायेची कमी नव्हती. मी पंचवीस वर्षांचा झालो तरी आई मला काटे काढून मासळी वाढायची. पण तिथे माझा जीव गुदमरायचा. फौजेत दिवसभर हुकूम पाळूनही मोकळं वाटायचं.

ऐन थंडीत कंपनी हेडक्वार्टरला घरून निरोप आला. आई सिरियस. सुभेदार साहेबांनी बोलावलं.

"उद्याच्या गाडीने खाली उतर."

"साहेब, गुरुवारची पेट्रोल माझी आहे."

"सोपान जाईल. तू निघ."

लान्स नायक सोपान माझा बडी. माणगावकडच्या भातशेतकऱ्याचा मुलगा. माझी सॅक त्यानेच भरली. "आईजवळ बस. इथलं मी बघतो," एवढंच बोलला.

गुरुवारी दुपारी मी घरी पोहोचलो. आई ओटीवर कोलंबी सोलत बसली होती. मला बघून तिने मान खाली घातली.

बाबा म्हणाले, "आयेला काय न्हाय झाला. तू येत नव्हतास म्हणून सांगितला. रविवारी पोरगी बघायला जायचा हाय."

मी बूटही काढले नाहीत. परतीची गाडी बघायला वळलो, तेवढ्यात प्लॅटून हवालदारांचा फोन आला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पेट्रोल पार्टीवर बर्फाचा कडा कोसळला होता. पाच जण बर्फातून बाहेर निघाले होते.

"सोपान?"

"अजून नाही मिळाला."

दुसऱ्या दिवशी मिळाला.

बाबांनी माझा हात घट्ट धरला. "मी खोटा बोललो म्हणून तू वाचलास, पोरा." त्यांचे डोळे भरले होते. पहिलं खोटं माझं होतं. पाळीच्या सुट्टीवर आलो असतो, तर त्यांना तसा निरोप पाठवावा लागला नसता.

हवालदार म्हणून निवृत्त झालो. लग्न माझ्या पसंतीने केलं, नागावला वेगळा राहतो. बाबांचा दिवसातून तीनदा फोन येतो. मी तिन्ही वेळा उचलतो.

सोपान गेल्यानंतर त्याच्या घरी पहिल्यांदा गेलो, ते सगळं सांगायचं ठरवूनच. त्याच्या आईने चहा पुढे ठेवला आणि आधी तिनेच विचारलं, "सोपान फोनवर बोलला होता, तुमच्या आईचं दुखणं मोठं आहे म्हणून. आता बऱ्या आहेत ना?"

"हो. बरी आहे," मी म्हणालो.

"मग झालं," ती म्हणाली.

तेव्हापासून दरवर्षी त्याच्या तिथीला जातो. ती दरवर्षी आईची खुशाली विचारते, मी बरी आहे म्हणतो. सोपान चोवीस वर्षांचा होता. माझी आई आजारी आहे, असं समजूनच तो माझ्या जागी गेला.