सुनावणीची तालीम घेणारे पुरसोभाई

वकिलीची सनद मिळाली तेव्हा माझ्याकडे स्वतःचा कोट नव्हता. होता तो मामेभावाचा, खांद्यावरून घसरणारा. डिचोली बाजारात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक टेलर कोट छान बारीक करून देतात, असं कुणीतरी सांगितलं म्हणून तो पिशवीत कोंबून मी गेले. दुकान एवढंसं. एक मशीन, एक जनेल, म्हणजे खिडकी, आणि जनेलावर चहाचे रिकामे ग्लास. गळ्यात टेप अडकवलेल्या गृहस्थांनी कोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कोट बाजूला सारून मशीनच्या खालून एक जाडजूड इंग्रजी अहवाल काढून माझ्या हातात ठेवला.

“वकीलबाय, कोट मागीर. आदीं हातूंत कितां बरयलां तां वाचून सांग.”

मी वाचत गेले. त्यांच्या गावच्या डोंगरावर एका कंपनीला मायन, म्हणजे खाण, सुरू करायची होती, त्याचा तो अहवाल. डोंगरावर बारमाही पाणी नाही, खालच्या शेतांना धोका नाही, असं त्यात ठामपणे लिहिलेलं. मी एकेक पान मराठीत सांगत होते आणि भाई काजाची सुई थांबवून ऐकत होते. दुकान बंद करायची वेळ झाली तरी आम्ही निम्म्यावरच. दुसऱ्या दिवशी मी कोर्टात उभी राहिले ती त्याच ढगळ कोटात. माझी पहिली अशील मंडळी मला अशी कोटाच्या मोबदल्यात मिळाली.

श्री. पुरुषोत्तम मळीक, म्हणजे आपल्या सगळ्यांचे पुरसोभाई, पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला त्यांच्या ‘कायदेविषयक योगदाना’वर लिहायला सांगितलं होतं. मी विषय बदलून मागितला. भाईंना कायदा कळत नाही, आणि हे ते स्वतः चारचौघांत आनंदाने सांगतात. त्यांना माणसं कळतात. चळवळीत मी पुष्कळ हुशार लोक पाहिले, मीही त्यांतलीच एक, पण माणसं कळणारे फार थोडे. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण खटला अजून चालू आहे. लाटंबार्से परिसरातल्या वाचकांना ते ओळखता येईल, आणि त्याला माझा इलाज नाही.

डोंगर वाचवायला निघालेल्या आमच्या समितीला कार्यालय नव्हतं, भाईंचं दुकान होतं. तिथे ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बाया जाताना डोंगरावरची झर वाचवायचं पत्रक घेऊन जात. कपडे वेळेवर मिळत नसत हेही इथे नोंदवलं पाहिजे, गौरवग्रंथ असला म्हणून काय झालं. माझ्या सासूबाईंनी नणंदेच्या लग्नाचा ब्लाउज त्यांच्याकडे दिला होता. आदल्या संध्याकाळपर्यंत तो झाला नव्हता, कारण ग्रामसभा मध्ये आली. भाई लग्नाच्या दिवशी सकाळी ब्लाउज घेऊन घरी हजर झाले आणि सासूबाईंचं सगळं ऐकून घेऊन वर चहाही पिऊन गेले. सासूबाई अजून त्यांना ‘डोंगरवालो’ म्हणतात. पुढचा ब्लाउजही त्यांनाच देतात.

लोकांच्या आग्रहाखातर भाई एकदा पंचायतीच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. निवडून आले ते त्यांचेच चुलतभाऊ, मायन हवी म्हणणारे. आम्ही सगळे दुकानात सुतकी चेहऱ्याने बसलो होतो आणि भाई एका पँटीची शिवण उसवत होते. ती कुणाची म्हणून विचारलं तर म्हणाले, नव्या पंचांची, शपथेला घालायची आहे, कमरेत दाटते. आमच्यातला एकजण चिडून उठला. भाईंनी मान वर न करता सांगितलं, “मत खंयच्याकय पडूं. माप तांच.” मत कुणालाही पडो, माप तेच, हा मला तेव्हा भोळेपणा वाटला होता.

आता सुनावणीबद्दल. भाई आयुष्यभर गावच्या उत्सवातल्या नाटकांचे प्रॉम्प्टर होते. तोंडाला कधी रंग लावला नाही, पण प्रत्येकाचा प्रवेश त्यांना पाठ. मायनीची जाहीर सुनावणी ठरली तेव्हा त्यांनी देवळाच्या मंडपात तिचीही तालीम सुरू केली. त्यांचा लाकडी गज हा माईक, आणि देवळाचे भटजी हे अधिकारी. मी प्रत्येकाचं म्हणणं कायद्याच्या भाषेत लिहून दिलं होतं. पहिल्याच संध्याकाळी माझे कागद वाचून लोक असे उभे राहिले की जणू शाळेत कविता म्हणायला उभं केलंय. भाईंनी सगळे कागद गोळा केले. “तोंडपाठ नाका. दोळ्यांनी पळयलां तां सांगा,” म्हणाले. पाठ केलेलं नको, डोळ्यांनी पाहिलेलं. मग सरावासाठी उठलेल्या एका बाईंचे डोळे भरून आले, तेव्हा म्हणाले, “आनी रडूं नाका. रडल्यार साहेब उदक विचारता, प्रस्न विचारीना.” मी वकिलीत इतकी वर्षं काढली, साक्षीदाराला याहून चांगला सल्ला मला देता आलेला नाही.

आमची सगळी भिस्त होती रुक्मिणीकाकींवर. त्यांचं भाताचं शेत व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, तोंडाशी, डोंगराच्या अगदी पायथ्याला. पूर्वीच्या मायनीची तांबडी माती सर्वांत आधी त्यांच्या शेतात उतरली होती आणि ती त्यांनी हाताने काढली होती. अहवालातलं ‘धोका नाही’ हे वाक्य खोटं पाडायला तेवढी एक बाई पुरेशी होती. अडचण एकच. त्यांचा मुलगा उल्हास ट्रकवाला. जुन्या मायनी बंद झाल्यापासून त्याचा खनिज वाहणारा ट्रक अंगणात ताडपत्रीखाली उभा. मायन सुरू व्हावी म्हणून जे लोक खटपट करत होते, त्यांत तो पुढे होता. तालमीला काकी येत त्या बहुधा त्याला न सांगता, परसदारच्या वाटेने. मंडपात मात्र त्या खणखणीत बोलत. भटजी त्यांना उलटतपासणीत अडवू बघत आणि स्वतःच अडकत.

सुनावणीला मांडव भरला होता. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ट्रकवाले आणि कंत्राटदाराने आणलेले बेळगावकडचे मजूर, सगळ्यांना एकसारख्या टोप्या वाटलेल्या. काकींचं नाव पुकारलं गेलं. त्या गेल्या, पदर सारखा केला, म्हणाल्या, “साहेबानूं, म्हजां शेत व्हाळाच्या तोंडार…” आणि थांबल्या. समोरच्या रांगेत टोपी घातलेला उल्हास बसला होता. तो आईकडे बघत नव्हता. पायांकडे बघत होता.

मांडवात खसखस पिकली. कुणीतरी ओरडलं, “पुरसो, प्रॉम्प्ट कर मरे!” भाई माईकच्या मागे दोन पावलांवर उभे होते. पुढचं वाक्य त्यांना ठाऊक होतं, मला होतं, तालमीला आलेल्या पोरासोरांनाही होतं. मी लांबून हाताने खुणा केल्या. एक शब्द पुरला असता. भाईंनी तो दिला नाही. ते पुढे झाले, काकींच्या कोपराला हात लावला आणि म्हणाले, “चल रुक्मिण, बसया.” अधिकाऱ्यांनी पुढचं नाव पुकारलं.

बाहेर आल्यावर मी त्यांना नको ते बोलले. इतक्या दिवसांची मेहनत, सगळ्या गावाचं पाणी, आणि तुम्हांला दया सुचते, असं बरंच काही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तू सांजेक डिचोलीक वतली, वकीलबाय. ती त्याच घरांत वतली. पुताक जेवण वाडटली. दोंगर कोणाखातीर राखतां आमी?”

त्याची किंमत आम्ही मोजली. परवानगीची शिफारस झाली, आम्ही कोर्टात गेलो, आणि पहिल्याच तारखेला कंपनीचे वकील उभे राहून म्हणाले की पायथ्याच्या शेताच्या मालकिणीचीही हरकत नाही, त्या सुनावणीला हजर होत्या आणि काही बोलल्या नाहीत. आजही मला वाटतं की त्या दिवशी काकी बोलल्या असत्या तर पुढची वणवण वाचली असती. हे मी भाईंना तोंडावर सांगितलेलं आहे. ते “जायत”, म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाले. मतभेद तिथेच आहे, आणि या ग्रंथात तो लपवावा असं मला वाटत नाही.

त्यानंतर मी दुकानात जायचं टाळत होते. पण त्यांनीच पुढे माझ्या मापाचा करून दिलेल्या कोटाचं बटण तुटलं, आणि आता तो कोट दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला मन होईना. गेले, तुटक बोलले, कोट टाकून निघाले. परत मिळाला तेव्हा बटण तर लागलं होतंच, पण दोन्ही बाजूंच्या शिवणी आतून सैल करून नुसत्या कच्च्या दोऱ्याने धरलेल्या होत्या. “दोन बोटां सोडून दवरलां. लागतली तेन्ना उसव,” एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. मला दिवस गेले होते. घरी सासूबाईंनाही मी अजून सांगितलं नव्हतं. बाजारातून घरी जाईपर्यंत मी रडत होते, आणि राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

गेल्या पावसात जुन्या मायनीचा ढिगारा खचला आणि काकींच्या लावणी केलेल्या शेतात पुन्हा तांबडी माती आली. मी पोचले तेव्हा उल्हास एकटा फावड्याने गाळ ओढत होता, आणि बांधाच्या दुसऱ्या टोकाला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून भाई. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. मी ओरडणार होते, पण दोघांचे चेहरे पाहून थांबले. एक ओढत होता, दुसरे पाटीत भरत होते. डोंगराचा विषय कुणी काढला नाही, नंतर काकींच्या ओसरीवर चहा आणि उंडे पाव खातानाही नाही. सुनावणीनंतर भाई त्या घरी जात राहिले होते, हे मला त्या दिवशी समजलं. ताडपत्री फाटली तेव्हा तिला ठिगळ लावायलासुद्धा.

काही महिन्यांनी कोर्टाने नेमलेली समिती जागा पाहायला आली. माती खरोखर वरून येते का, हे तिने बघायचं होतं. भाईंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आदल्याच दिवशी झालेली, त्यामुळे ते घरी पडून. खरं सांगते, मी घाबरले होते. समितीतल्या साहेबांनी बांधावर उभ्या असलेल्या काकींना विचारलं. काकींनी डोंगराकडे बोट केलं, तोंड उघडलं, आणि पुन्हा मुलाकडे पाहिलं. या वेळी तोही त्यांच्याकडेच बघत होता. तो दोन पावलं पुढे आला.

“साहेब, हांव ट्रकवालो,” उल्हास म्हणाला. “मायन चालू जाल्यार म्हजो ट्रक चलतलो. मायन चालू जावची म्हूण हांव आयजूय म्हणतां. पूण आवय सांगता तां खरां. ही माती थंयचीच.”

मग काकी बोलल्या. कुठून पाणी येतं, कुठे माती साचते, कुठलं भात कुजलं, सगळं चालत चालत दाखवलं. साहेब प्रश्न विचारत गेले आणि लिहीत गेले. नमुने घेतले. मला तोंड उघडावं लागलं नाही.

रस्त्यावर येऊन मी भाईंना फोन लावला. समिती काय म्हणाली, कुठे काय लिहिलं, आता युक्तिवाद कसा करता येईल, धडाधड सांगत सुटले. त्यांनी मध्येच थांबवलं.

“मागीर दोगांय एकठांय घरा गेलीं?”

मी मागे वळून पाहिलं. बांध निसरडा होता. काकी अनवाणी पुढे चालल्या होत्या आणि उल्हास त्यांच्या मागून, त्यांची चपलं हातात घेऊन.

“गेली, भाई. तिची चपलं त्याच्या हातात आहेत.”

पलीकडून ते म्हणाले, “बरां. दवर आतां फोन. पट्टी भिजता.”

निकाल अजून लागायचा आहे. काय लागेल ते मी सांगू शकत नाही, आणि सांगू शकते असं म्हणणाऱ्या वकिलावर कुणी विश्वास ठेवू नये. आम्ही जिंकावं असं मला अगदी मनापासून वाटतं. पण जिंकलो तर त्या संध्याकाळी आम्ही सगळे देवळापुढे फटाके लावत असू, आणि ज्यांचे ट्रक कायमचे उभे राहिले त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचं आमच्यापैकी एकालाही सुचणार नाही. भाई जातील. म्हणून भाईंना भरपूर आयुष्य लाभो, दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसो, गुडघे बांधाचा चढ सोसोत आणि कपडे उशिरा मिळाल्याबद्दल बाजारातल्या सगळ्या बाया त्यांना अशाच रागावत राहोत. भाई, डोंगराचं आम्ही बघू. त्या संध्याकाळी तुम्ही हवे आहात.