हात खिशात

ती घरात शिरायची तीच रागावलेली. कोट काढायच्या आधी राग, मास्क नीट करताना राग, हात धुताना नळावरसुद्धा राग. आयर्लंडमधल्या एनिस गावातल्या आमच्या मुलाच्या घराची बेल इतकी कचकचून दाबणारं दुसरं कुणी नव्हतं. बेल वाजली की माझी बायको सुमन खुर्चीत बसल्या बसल्या पदर सावरायची आणि म्हणायची, "आल्या फौजदारीणबाई." पुढे घरात तेच नाव पडलं. तिच्या कानावर ते गेलं तेव्हा ती हसली होती, पण तेवढंच.

तिच्याबद्दल लिहायला मी आज बसलो, त्यालाही रागच कारण झाला. तिथल्या मराठी मंडळाची स्मरणिका मुलाने मला नागपूरला फोनवर पाठवली. तीत एका गृहस्थांनी टाळेबंदीच्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या आहेत. 'एका शिकाऊ मुलीच्या निष्काळजीपणामुळे आपल्यातल्या एका वयस्कर बाई पडल्या,' असं एक वाक्य त्यांनी जाता जाता टाकून दिलं आहे. या गृहस्थांनी त्या मुलीला एकदाही पाहिलेलं नाही. सुमन कशी पडली हे त्यांना ठाऊक नाही. हे वाक्य आमच्याच घरातून बाहेर पडलं आणि चहाच्या कपाबरोबर चार घरं फिरलं, हे मला ठाऊक आहे. तेव्हा त्यांच्यावर रागवायचा मला अधिकार नाही. तरी मी रागावलो आहे.

२०२० च्या सुरुवातीला आम्ही दोघं मुलाकडे गेलो, ते नागपूरचा उन्हाळा तिकडे काढून परतायचं म्हणून. विमानं बंद झाली आणि आम्ही अडकलो. त्या वर्षाच्या अखेरीस, हिवाळ्यात, सुमनला अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर आम्ही तिची सेवा सुरू केली. सेवा म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पाठीशी उशा, पायाशी उशा, तोंडाशी घास. सुनेने, मधुराने, तिला पाण्याचा पेला उचलू दिला नाही. मी तर रजाच नसलेल्या नोकरासारखा राबत होतो आणि फोनवर सगळ्यांना ते सांगतही होतो.

वसंतात फौजदारीणबाई पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी सुमनला वरणभात भरवत होतो. दारातच उभी राहून ती थोडा वेळ बघत राहिली. मग मराठीत बोलली, आणि आम्ही तिघेही दचकलो.

"ह्यांचा उजवा हातबी मोडलाय व्हय?"

मी म्हटलं, नाही, डावी बाजू गेली आहे.

"मग तुमी का भरवताय, आजोबा? उजवा हात काय शोभेला ठेवलाय?"

तिचे वडील साताऱ्याकडचे, आई आयरिश वंशाची, जन्म शिकागोचा. वडिलांची आई तिच्याजवळ राहायला होती आणि तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून या मुलीची मराठी थेट कोरेगावच्या शेतातली, फक्त वर अमेरिकन हेल. आईचे आईवडील मात्र याच क्लेअर परगण्यातले, समुद्राकडच्या एका खेड्यातून अमेरिकेला गेलेले. फिजिओथेरपी शिकताना तिला एक फेलोशिप मिळाली होती. आजीआजोबांच्या देशात वर्षभर राहायचं आणि घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना उभं करायचं. वर्ष नीट पार पडलं तर तिथेच कायमची जागा मिळायची होती. तिला ती जागा हवी होती. इतर कुठल्याही गोष्टीबद्दल बोलताना ती चिडायची, त्या जागेबद्दल बोलताना मात्र तिचा आवाज लहान व्हायचा.

तिचं पहिलं फर्मान माझ्यासाठी होतं. सुमन खुर्चीतून उठायला लागली की माझे हात आपोआप पुढे जायचे. तिने पहिल्या दिवशी ते दोनदा बाजूला सारले आणि मग म्हणाली, "आजोबा, हात खिशात घाला." मी म्हटलं, माझ्या पायजम्याला खिसा नाही. "मग उद्यापास्नं पँट घाला." दुसऱ्या खेपेपासून मी घरात पँट घालून, दोन्ही हात खिशात खुपसून, स्वतःच्या बायकोची धडपड बघत उभा राहायला लागलो. ते फार कठीण होतं. सुमनचा पाय थरथरायचा, कपाळावर घाम यायचा आणि माझी नखं खिशाच्या अस्तरात रुतायची. मी एकदा चिडून विचारलं की इतकं निष्ठुर व्हायला अमेरिकेत शिकवतात का. ती म्हणाली, "तुमी त्यांना प्रेमानं मारताय. मला ते बघवत न्हाई."

तिचं दुसरं फर्मान काठीबद्दल होतं. चार पायांची एक काठी तिने आणून दिली आणि खुर्चीच्या उजव्या बाजूला तिची जागा ठरवली. ती काठी तिथून कुणी हलवायची नाही, झाडतानासुद्धा नाही. "आजीनं बघायचं न्हाई. हात टाकला की काठी घावली पायजे. एकदा जरी हात रिकामा गेला तर परत भरवसा बसत न्हाई." सुमनने ते असं अंगी बाणवलं की टीव्हीवरची नजर न काढता ती हात टाकायची आणि मूठ बरोबर काठीवर बसायची.

तिच्या रागाला आयरिश माणसंही अपवाद नव्हती. तिथे कसं आहे विचारलं की जो तो 'ग्रँड', म्हणजे मजेत, म्हणतो. पाय सुजला तरी ग्रँड, नवरा गेला तरी ग्रँड. ती म्हणायची, "हितं समदेच ग्रँड असत्यात, म्हणून कुणी बरं व्हत न्हाई." आणि लगेच आमच्याकडे वळायची. "आन तुमचं उलटं. तुमी बरं व्हायला लागला तरी कुणाला सांगू देत न्हाई, नजर लागंल म्हणून."

उन्हाळ्यात तिने सुमनला स्वयंपाकघरात नेलं. मधुराचा चेहरा उतरला. सासूला आजारपणात कामाला लावलं असं कुणी म्हटलं तर? फौजदारीणबाईंनी तिलाही खिसे दाखवले. सुमन ओट्याला रेलून उभी राहिली, डोक्यावरच्या प्रेसमधून (तिथे कपाटाला प्रेस म्हणतात) तिने उजव्या हाताने मोहरी काढली आणि लुळ्या डाव्या हाताने कढईचा कान कसाबसा धरला. फोडणी करपली. ते करपलेलं वरण फौजदारीणबाईंनी मास्क काढून अंगणातल्या पायरीवर बसून खाल्लं आणि म्हणाल्या, "माझी आजी याहून वाईट करायची." सुमन इतकी हसली की मला आमच्या लग्नानंतरची वर्षं आठवली.

एका रविवारी ती तिच्या आयरिश आजोबांचं खेडं बघून आली. नंतरच्या खेपेला सुमनचा पाय हातात घेऊन व्यायाम देता देता ती ते सांगत होती. घराला छप्पर उरलं नव्हतं, आत गवत वाढलं होतं. शेजारच्या दफनभूमीत तिच्या पणजोबांचा दगड सापडला. तिथे एक म्हातारा शेतकरी आला आणि त्याने विचारलं, कुठली तू? ती म्हणाली, इथलीच. तो हसला, म्हणाला, नाही गं, मूळची कुठली?

"पणजोबाच्या डोक्याशी हुबी हाय मी, आन मला इचारतोय मूळची कुठली. साताऱ्याला गेले तर तितं मला गोरी म्हणत्यात." मग ती सुमनला म्हणाली, "ही जागा मिळू दे, आजी. मग हितंच ऱ्हाते. इचारू दे किती इचारायचंय ते."

सुमनने चांगल्या हाताने तिच्या पाठीवर थोपटलं. मी हात खिशात घालून उभा होतो.

मग गणपती आले. मुलाने छोटी मूर्ती बसवली आणि आरतीला नागपूरचे सगळे जण व्हिडिओवर जमले. माझी बहीण, मेहुणे, व्याही, जुने शेजारी. या सगळ्यांना मी महिनोनमहिने सांगत आलो होतो की सुमनला जरासा अशक्तपणा आहे, बाकी ठीक. अर्धांग हा शब्द मी एकदाही उच्चारला नव्हता. का? चारचौघांत बायको लुळी झाली असं म्हणवत नव्हतं, एवढंच. तिला पैठणी नेसवली होती, ती खुर्चीत छान दिसत होती, आणि शेजारी ती राखाडी, चार पायांची काठी उभी होती. मी ती उचलून सोफ्यामागे ठेवली. म्हटलं, आरती होईपर्यंत.

मधुरा फोन धरून होती, मुलाचं लक्ष निरांजनात होतं. आरती संपली आणि सुमन फूल वाहायला उठली. तिने बघितलं नाही. तिला बघायची गरज नाही असंच तिला शिकवलं होतं. हात टाकला आणि तो रिकामा गेला.

ती नागपूरच्या सगळ्यांदेखत पडली. मुलगा तिच्याकडे धावला, सून फोन टाकून धावली आणि मी सोफ्यामागे गेलो. मी काठी काढली आणि खुर्चीच्या उजव्या बाजूला, तिच्या ठरलेल्या जागेवर, परत ठेवली. मग मी बायकोकडे गेलो. त्या क्रमाने.

उजवं मनगट मोडलं. चांगला हात. मुलाने काठी जागेवर पाहिली आणि जे पाहिलं त्यावरून बोलला. काठी शेजारी असून आई तशीच उठली, या पोरीने तिला नसतं धाडस शिकवलं, स्वयंपाकघरात उभी केली. मी ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी त्याने त्या मुलीच्या वरिष्ठ बाईंना तक्रारीचा फोन केला तेव्हाही मी त्याच खोलीत होतो. सुमन हॉस्पिटलात होती आणि त्या दिवसांत भेटायला कुणाला सोडत नसत.

फौजदारीणबाई आल्या. त्या दिवशी बेल हळू वाजली. तिने खुर्ची बघितली, काठी बघितली, मग मला विचारलं, "काठी कुठं व्हती?"

मी म्हटलं, "जागेवर."

"मग हात रिकामा कसा गेला?"

मुलगा म्हणाला की वडिलांना त्रास देऊ नकोस.

चौकशी चालू असेपर्यंत तिचं घरोघरी जाणं बंद केलं, आणि आमच्या घरातून कुणीच वेगळं काही बोललं नाही म्हणून चौकशीही लवकर आटोपली. फेलोशिप वर्षाच्या आत संपवली. जागेचा तर प्रश्नच उरला नाही. जाण्याआधी ती एकदा फाटकाशी आली. आत आली नाही. सुमन त्या वेळी झोपली होती. मी एकटाच बाहेर गेलो. वारा फार होता आणि मला वाटलं, आता ही ओरडेल. तिचा राग मला हवा होता. ती ओरडली नाही. म्हणाली, "आजोबा, तुमचे हात खिशात नव्हते." आणि वळून बसस्टॉपकडे चालू लागली. तिला इतकी शांत मी तेव्हाच पाहिली.

आम्ही नागपूरला परतलो. सुमन पुन्हा उभी राहिली, स्वतःच्या बळावर. कुणी पुढे आलं की ती म्हणायची, "हात खिशात." एका दुपारी भाजी निवडता निवडता मी तिला म्हटलं की त्या दिवशी काठीचं… मी पुन्हा भाजीकडे वळलो. ती म्हणाली, मला माहीत आहे. हॉस्पिटलात विचारलं तेव्हा मी नुसतं 'पडले' म्हटलं.

"मला वाटलं, तुम्ही घरी सांगितलं असेल," ती म्हणाली. "घरी आले तर पोरीचं काम गेलेलं. मग मी ठरवलं, तुमचं नाव मी घ्यायचं नाही. ते तुमचं तुम्ही घ्यायचं. तिनेच शिकवलं ना, दुसऱ्याने उठवलेलं माणूस उठत नाही."

सुमन मदतीला आली नाही. गेल्या पावसाळ्यात ती वारली, तोपर्यंत तिने वाट पाहिली. मुलाला मी काल फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, आता कशाला, बाबा. हे लिखाण मी त्या स्मरणिकेच्या संपादकांना पाठवतो आहे. त्यांनी ते त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावं. शिकाऊ मुलीने काहीही केलं नाही. काठी नागपूरच्या मनोहर वैरागडे यांनी हलवली, आणि परत जागेवर ठेवली तीही त्यांनीच.