गोजरची फायनल

राजुरीच्या गोजरला कुणी भित्री म्हणालं की त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. नवऱ्याच्या मारानं डावा कान अधू झाल्यावर जी बाई भर दुपारी सासरचा उंबरा ओलांडून एकटी चालत माहेरी आली, ती भित्री? पण सातवीच्या फायनलला बसली आणि गणिताच्या पेपरात तिचा हात जो आखडला, तो काही केल्या हलेना. आकडे डोळ्यांपुढं वळवळायला लागले. कोरा कागद देऊन ती घरी आली. झालं! गावाला तेवढंच पाहिजे होतं.

त्रेपन्न-चौपन्नचा तो काळ. फायनल पास झालेल्या बाईला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळायची, पुढं शाळेत मास्तरीण होता यायचं. गोजरला दुसरा रस्ताच नव्हता. थोरला भाऊ सयाजी सरळ म्हणाला होता, "अजून एकदा बस. नापास झालीस तर गुमान नांदायला जायचं. सोपानरावांना मी शब्द दिलाय." सोपानराव म्हणजे तोच कान फोडणारा नवरा. आता सांगा, असल्या बोलीवर परत परीक्षेला बसणाऱ्या बाईचा हात पुन्हा आखडणार नाही तर काय होणार? पण तुला भीती कशाची वाटते, हे तिला एकानं विचारलं असेल तर शपथ!

उपाय मात्र ज्यानं त्यानं केले. कुणी अंगारा लावला, कुणी दंडाला काळा दोरा बांधला. सयाजी ओझरच्या गणपतीला नवस बोलला. विहिरीवर बाया तिला हंडा खाली ठेवायला लावायच्या, "मूठ मिटून दाखव बाय. आता उघड. आता ठीक हाय व्हय?" गोजरच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. अभ्यास झाला का, हे कुणाच्या जिभेवर यायचं नाही.

परीक्षा जुन्नरला. मुक्काम जन्नतबीकडं. ती कागद बनवणाऱ्या घरातली म्हातारी, तोंडानं फटकळ, सयाजीच्या ओळखीतली. गोजरचा उतरलेला चेहरा बघून ती म्हणाली, "रडायचं तर आत्ताच रडून घे पोरी, तिकडं नको. आन् पेपर हातात आला का येतं तेवढंच गणित बघ, बाकीचं हातानं झाकून ठेव." गोजर रडली, पोटभर जेवली आणि झोपली. मराठीचा पेपर बरा गेला. दुसऱ्या दिवशी गणित.

जन्नतबीनं सांगितल्याप्रमाणं गोजरनं पानावर तळहात ठेवला आणि पहिलं गणित घेतलं. एक नळ हौद भरतोय, दुसरा रिकामा करतोय. मांडणी झाली, उत्तर यायला लागलं, तेवढ्यात खिडकीबाहेरनं हाळी आली, "गोजर! घाबरू नगंस! आमी समदी हाय!"

तिनं मान वर केली. खिडकीच्या गजांना अर्धी राजुरी लटकलेली! पुढं सयाजी, त्याच्या उपरण्यात गुलालाची पुडी. जत्रेत कुस्ती बघायला जावं तशी ही मंडळी बैलगाड्या जुंपून आली होती. कुस्तीचा निकाल जसा आखाड्यातच लागतो, तसा परीक्षेचाही पेपर संपला की लागतो, असंच त्यांनी धरलं होतं. महिना-दीड महिना थांबावं लागतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

गोजरचा हात आखडला. बोटं लाकडासारखी झाली. ती खिडकीकडंच बघत राहिली आणि तिला मागं सयाजीची गाडी दिसली. गाडीत सोपान पान चघळत बसला होता. त्याच्या पायाशी गोजरची ट्रंक होती, आणि ट्रंकेवर नवं लुगडं, खण, नारळ. लेकीला सासरी धाडताना ओटी भरायचं सामान! पास झाली तर गुलाल, नापास झाली तर इथूनच सोपानच्या हवाली. एकाच फेरीत सगळं उरकायचं होतं सयाजीला.

"मास्तर, पाणी पिऊन येते," ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता बाहेर गेली.

"दादा, ही ट्रंक कुणी भरली?"

सयाजी चाचरला. "अगं, म्हटलं, झालंच तर... परत हेलपाटा कशाला?"

"हेलपाटा? मी आत जीव मुठीत घेऊन बसलेय, आन् तुला हेलपाट्याची पडलीय? धीर द्यायला आलास म्हणं! लाज न्हाई वाटत?" ती गाडीपाशी गेली. ओटीचं सामान तिनं सोपानच्या मांडीवर टाकलं आणि ट्रंक खाली ओढली. सोपान उठायला लागला. "बस खाली!" ती ओरडली. "हात लावलास तर ह्या समद्यांसमोर तुजा कान फोडीन." सोपान बसला.

ट्रंक व्हरांड्यात आपटून ती जागेवर आली. कानशिलं तापली होती, डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. पण हात चालू लागला. दोन गणितं चुकली. चुकू देत! बाकीची सगळी तिनं कागद फाटेल इतक्या जोरानं लिहून काढली. पेपर संपल्यावर ती ट्रंक घेऊन जन्नतबीकडं गेली, ती निकालापर्यंत तिथंच राहिली.

ती पास झाली. सयाजी लगोलग जुन्नरला हजर, हातात गुलाल. "बघ, आमी खिडकीशी उभं व्हतो म्हणून तुला धीर आला."

"तुमी न्यायला आला व्हता," गोजर म्हणाली. त्याचा हात तिनं कपाळापर्यंत येऊ दिला नाही.

पुण्याला जायच्या दिवशी तो परत आला. "चल, स्टँडावर सोडतो. गाडी जुंपूनच आणलीय."

"त्या गाडीत?" गोजरनं एवढंच विचारलं. मग जन्नतबीच्या पाया पडली, ट्रंक डोक्यावर घेतली आणि चालत निघाली. सयाजी कासरा धरून जन्नतबीच्या दारात उभा राहिला.