वरचे दहा डबे

उखर्डूला राग येत नाही असं म्हणणारा माणूस तुकईथडपासून बुरहानपूरच्या इतवाऱ्यापर्यंत शोधून सापडायचा नाही. पण भादव्यातल्या त्या दिवशी सदाशिव शेठच्या केळीच्या वखारीत तो जसा चिडला, तसं त्याला वायुसेनेतल्या बावीस वर्षांतही कोणी पाहिलं नव्हतं.

शेठ तर आधीपासूनच बोंबलत होता. "फौजी, तीनशे कॅरेट केयी कायी ठिक्कर पडली माही! पट्टी बदलून दोन महिने नाही झाले तुले!"

वखार म्हणजे आता धुरी देऊन केळी पिकवायची जुनी वखार राहिली नाही. थंडगार बंद खोली असते, आत गॅस सोडतात, आणि भिंतीवरचा एक डबा गारवा सांभाळतो. तो डबा मुका झाला की गारवा जातो, आणि चार दिवसांत पिवळी व्हायची केळी एका दिवसात काळी होतात.

उखर्डूने डब्याचं झाकण काढलं. आत विजेचा दाब सारखा ठेवणारी एक पट्टी असते, पत्त्याच्या कॅटाएवढी. इतवाऱ्याच्या बाजारात सहज मिळते. ती हिरवट पडली होती, आणि तिच्या पायांपाशी बुरशीसारखं पांढरं धरलं होतं. त्याने डोळ्याला भिंग लावलं. वरचा नंबर वाचला. पुसून पुन्हा वाचला. मग हातातला स्क्रूड्रायव्हर त्याने भिंतीवर असा फेकला की चुन्याचा टवका उडाला.

शेठ दोन पावलं मागं सरला. "माह्यावर कायले फेकतो बाप्पा? नुकसान माह्यं झालं ना!"

"तुह्यावर नाही शेठ. स्वतःवर फेकला."

ही पट्टी, हाच नंबर, उखर्डूने महिन्यापूर्वी सही करून विमानात बसवायला पास केला होता.

उखर्डूच्या आधीची दोन लेकरं गेली होती. म्हणून हा जन्मला तेव्हा त्याच्या आईनं, सोजरबाईनं, त्याला उकिरड्यावर लोळवून परत उचलला आणि नाव ठेवलं उखर्डू. यमाने नाव ऐकून नाक मुरडावं आणि पुढं जावं, एवढाच हिशेब. यम गेला पुढं. पोरगा एकोणिसाव्या वर्षी वायुसेनेत लागला आणि विमानातल्या वायरी जोडायला शिकला.

त्याच्या वाट्याला आलेली विमानं ओझी वाहायची होती, त्याच्याहून वयानं मोठी. पत्रा मजबूत, इंजिन खणखणीत, पण वैमानिकापुढच्या पडद्यांना चालवणारे डबे पार म्हातारे. त्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना कधीचाच बंद पडलेला. एक भाग मागवला की दोन वर्षं वाट पाहा. मग काय करायचं, तर एका विमानाचं काळीज काढून दुसऱ्यात बसवायचं आणि पहिलं ताडपत्री टाकून उभं ठेवायचं. उखर्डूचं डोकं तेव्हाही फिरायचं. "खिशातल्या मोबाइलात याच्या शंभरपट अक्कल आहे, आन आपन वीस किलोचा मेलेला डबा छातीशी धरून बसलो!" बाजारात तयार मिळणारा माल घ्या, नीट पारखा, विमानाला जोडा, असं त्याने वरच्यांना तीनदा लिहून दिलं होतं. म्हणजे बाजारच्या मालाचा तो वैरी नव्हता. उलट, त्याचा वकीलच होता म्हणा.

पेन्शन घेऊन आला आणि त्याने इतवाऱ्यात एका गाळ्यात दुकान टाकलं. पॉवरलूमच्या मोटारी, वखारींचे डबे, जे येईल ते दुरुस्त करायचा. तिथंच एके दिवशी त्याचा भाचा योगेंद्र आला. इंदूरजवळच्या एका कंपनीत इंजिनीअर. कंपनीला त्याच जुन्या विमानांचे नवे डबे करायचं काम मिळालं होतं, आतला सगळा माल बाजारातला.

"मामा, तपासणीला अनुभवी आदमी पाहिजे. तुमीच चला ना," योगेंद्र म्हणाला.

उखर्डूच्या छातीत हवा भरली. त्याचं म्हणणं जगानं अखेर ऐकलं होतं. तो गेला. योगेंद्रने टेबलावर दहा डबे मांडून ठेवले होते. उखर्डूने तीन आठवडे त्यांचा पिच्छा पुरवला. तापवले, गारठवले, दमट हवेत कोंडले, कंप देणाऱ्या यंत्रावर थरथरवले. एकही मेला नाही. मग त्याने कागदावर सही ठोकली. कागदावर लिहिलं होतं, लॉट पन्नासचा, नमुने दहा.

आता वखारीतून दुकानात येऊन त्याने भंगाराच्या डब्यात हात घातला. दोन वर्षांपूर्वीची तीच पट्टी काढली. तोच नंबर. जुन्या पट्टीवर वार्निशासारखा चकचकीत थर होता, पाणी आत जाऊ नये म्हणून दिलेला. नवीवर काहीच नाही, उघडीनागडी. बनवणाऱ्याने थर वाचवला आणि नंबर तोच ठेवला. त्याचंही काय चुकलं? तो लाखांनी पट्ट्या विकतो, टीव्हीला, पंपाला, वखारीला. तुम्ही त्या विमानात घालणार, हे त्याला कोणी सांगितलंय?

आणि विमानात तर भलताच कहर. वर आभाळात बर्फासारखं गारठलेलं विमान खाली दमट हवेत उतरलं की डब्याच्या आत घाम सुटतो. वखारीचं दार उघडल्यावर सुटतो, तोच घाम. नोकरीत असताना उखर्डूने एक वैमानिक पाहिला होता, ढगात पडदा काळा झाल्यावर कसाबसा उतरलेला. विशीबाविशीचा पोरगा. विमानाकडं पाठ करून चाकापाशी बसला होता.

उखर्डूने योगेंद्रला फोन लावला.

"त्या पन्नास डब्यांत पट्ट्या एकाच खेपेच्या आहेत का दोन?"

"दो लॉट में आए थे मामा. पहिल्या दहा आधी आल्या, चाळीस मागून. पार्ट नंबर सेम है, टेन्शन मत लो."

"आन टेबलावर माह्यापुढं कोनते ठेवले?"

"जे आधी रेडी झाले तेच. और कौनसे रखता?"

"चाळीस डबे खोल. पट्टीवर थर आहे का पाह्य."

"मामा, शुक्रवारी ट्रक निघणार. सील लगा है. आणि टेस्ट तुमीच केली ना? साइन तुमचीच आहे."

उखर्डूने फोन ठेवला. भाच्याने खोटं काही सांगितलं नव्हतं, त्याचीच तर खरी आग होती.

उखर्डूचा बाप कौतिक बुरहानपूरच्या केळी मंडीत पारखी होता. ट्रॉली आली की मालक वरचे घड दाखवायचा, जाडजूड, हिरवेगार. बाप त्यांच्याकडे बघायचासुद्धा नाही. बाजूनं बुडाशी हात घालायचा आणि डोळे मिटून हाताला लागेल तो घड ओढायचा. मालकाने कुरकुर केली की म्हणायचा, "वरचं तोंड सगयेच धुऊन येतात भो." लहानपणी उखर्डूने हे हजार वेळा पाहिलं होतं. आणि त्या बापाचा पोरगा, कंपनीची गार हवा लागली, कोणी 'सर' म्हटलं, तर टेबलावर मांडलेले वरचे दहा डबे बघून सौदा करून आला!

घरी मथुराबाईने ताट वाढलं. त्याने ते सरकवलं.

"अन्नावर कायले राग?" बायको म्हणाली. "ज्यानं टोपी घातली त्याच्यावर काढा."

"मीच घालून घेतली."

"मंग उतरवा. टोपी डोक्यात रुतत नाही काही."

मथुराबाई असंच बोलते. गोड बोलायला तिला वेळ नसतो.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. उखर्डूने इतवाऱ्यातल्या तीन दुकानांतून सहा पट्ट्या विकत आणल्या. बाजारचाच माल आहे ना, मग बाजारातूनच घेऊ. सहाही उघड्या. सदाशिव शेठच्या वखारीत त्याने त्या वीज जोडून तारेला टांगल्या. दार उघडायचं, लावायचं, उघडायचं, लावायचं. गारवा, घाम, गारवा, घाम.

"माही वखार हाय का तुही फॅक्टरी?" शेठ कुरकुरला.

"तीनशे कॅरेट कायले सडले ते पाह्यचं हाय ना? मंग धर ते दार."

शेठने दार धरलं. बुधवारी दुपारपर्यंत सहापैकी चार मेल्या. उखर्डूने प्रत्येकीचा फोटो काढला, वेळ लिहिली. मग दुकानात बसून एक कागद लिहिला: मी तपासलेले दहा नग सोडून बाकी चाळीस नगांवरची माझी सही मी मागे घेत आहे, कारण नमुना मी स्वतः निवडला नाही, ही माझी चूक. फोटो जोडले. एक प्रत वायुसेनेच्या तपासणी कार्यालयाला रजिस्टर पोस्टानं टाकली. लिहिताना 'माझी चूक' या शब्दांपाशी पेन इतकं दाबलं गेलं की कागद फाटला. त्याने पुन्हा लिहिलं.

गुरुवारी पहाटेच्या बसनं तो इंदूरला निघाला. सोबत जेवणाचा डबा नाही, पिशवीत फक्त सहा पट्ट्या.

कंपनीच्या मालकासमोर त्याने त्या टेबलावर ओतल्या. मालक हसतमुख माणूस, शर्टाला इस्त्री कडक. योगेंद्र बाजूला उभा होता, खाली बघत.

"उखर्डूजी, केले के गोदाम की टेस्टिंग हम यहाँ नहीं मानते," मालक म्हणाला.

"विमानाला माह्यत नसते साहेब घाम वखारीचा हाय का ढगाचा."

"देखिए, काग़ज़ पूरा है. आपको दिक़्क़त है तो हम दूसरे से साइन करवा लेंगे."

उखर्डूने खिशातून पोस्टाची पावती काढली आणि पट्ट्यांच्या शेजारी ठेवली. "करवा. पन हे तिकडं पोचलं की दुसऱ्यालेबी विचारतील. तेव्हा त्यानं काय सांगायचं ते आत्ताच ठरवून ठेवा."

मालकाचं हसू पावतीवर येऊन थांबलं. त्याने ती उचलली, वाचली, योगेंद्रकडे पाहिलं. योगेंद्र हळूच म्हणाला, "सर, एक खोल के देख लेते हैं."

तिघं गोदामात गेले. डबे चार थरांत रचलेले होते. योगेंद्रने सवयीने वरचा उचलला.

"ठेव तो!" उखर्डू इतक्या जोरात ओरडला की दारातला चौकीदार आत डोकावला. "कौतिकचा नातू ना तू? आजाचं नाव बुडवलं मी, तू तरी नको बुडवू. बुडचा काढ."

योगेंद्रने वरचे थर उतरवले, घामाघूम झाला. बुडचा डबा निघाला. सील तोडलं. पट्टी उघडी होती. दुसरा खोलला, उघडी. तिसरा खोलला. चौथ्यापाशी मालक म्हणाला, "बस, समझ गया."

"नाही समजलं," उखर्डू म्हणाला. "पन्नासच्या पन्नास खोला."

शुक्रवारचा ट्रक रिकामाच परत गेला. पुढच्या आठवड्यात तपासणी कार्यालयाचं पत्र आलं, सगळे डबे थांबवा. चाळीस डब्यांतल्या पट्ट्या निघाल्या, थर देऊन नव्या बसल्या, सहा आठवडे गेले. कंपनीने पुढच्या तपासणीला दुसरा माणूस नेमला, उखर्डूला कळवलंही नाही. त्याचंही त्याला वाईट वाटलं असेल, पण ते त्याने कोणाला दाखवलं नाही. वाईट वाटून घ्यायला त्याच्याकडे राग शिल्लक असेपर्यंत सवड नव्हती.

तपासणीची तारीख योगेंद्रने सांगितली होती; त्या दिवशी सकाळी दहाला त्याने भाच्याला फोन लावला. सदाशिव शेठ दुकानात बसला होता, नवा डबा घ्यायला आलेला.

"नवा तपासनीस आला का?"

"आया मामा. नाश्ता करी राह्यला."

"नमुने कुठून उचलनार?"

"तुमी काळजी नका करू. मी कालच पुरी थप्पी उलटी करून ठेवली. खालचे सगळे वर."

उखर्डूने कपाळावर हात मारला. शेठ त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"गाढवा! खालचे वर आनले तं वरचे खाली गेले ना! बुडाशी पुन्हा न पाह्यलेलंच राह्यलं!"

"अब क्या करूँ मामा?"

"त्याले गोदामात ने. थप्पीपाशी उभं कर. आन सांग, डोये मिटा आन हात घाला. तपासनीसानं डोये मिटल्याबिगर फोन ठेवू नको. मी फोन धरूनच बसलो आठी."

पलीकडून पावलं ऐकू आली, पत्र्याचं दार सरकलं. उखर्डू कानाला फोन लावून बसून राहिला. शेठने डब्याचे पैसे पुढं केले, तर त्याने हातानंच थांब म्हणून खुणावलं.