चालू गाडीतला धनाजी

मार्गासनीच्या धनाजीनं पुण्यात बाई ठेवलीय, अशी वावडी मध्यंतरी उठली होती. कशाला लपवू, त्या वावडीला पाय माझ्याच ओट्यावर फुटले. बायको बनाबाई आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायची. ती आत खाटेवर, आणि हा पठ्ठ्या चार-चार तास बाहेर गाडीत, इंजिन चालू ठेवून. नर्सनं बोलावलं तरी आत जायचा नाही. एसी लावून, मोबाईल कानाला लावून बसत असणार! एवढ्या मसाल्यावर मी गावाला महिनाभर जेवू घातलं.

डोळे तपासायच्या निमित्तानं एकदा मीही त्यांच्याबरोबर निघालो. खरं तर बाई बघायला. सकाळी धनाजीनं चावी फिरवली तर बॉनेटखाली डब्यात खिळे हलवल्यासारखा खळखळाट झाला. दोन-तीन सेकंद, मग गप्प.

"काय रे, इंजिनाला घुंगरं बांधलीस का?"

"टायमिंग चेन, आबा. सैल झालीया."

गॅरेजवाल्या प्रशिकनं त्याला सगळं समजावलं होतं. गाडी उभी राहिली की ऑईल खाली उतरतं. चावी फिरवल्यावर ते परत चढून चेन ताणून धरीपर्यंत ती कव्हरवर आपटते. एक दिवस दात सोडेल आणि इंजिन जाईल. "मामा, आठ दिवस गाडी सोडा माझ्याकडं." पण आठ दिवसांत बनाबाईच्या दोन खेपा. धनाजीनं त्यातून एवढंच घेतलं: आवाज चालू करतानाच होतो ना, मग गाडी बंदच करायची नाही.

"घरी रात्री करतोसच की बंद."

"हितं मोडली तर हाक मारायला तुमी हाय. तिथं कोन हाय?"

मागून बनाबाई म्हणाली, "आबास्नी सांगा की, ती बाई कुठं राहती. मला बी भेटायचंय."



दुपारी हॉस्पिटलच्या वॉचमननं काच वाजवली. "अँब्युलन्सच्या दारात धूर नको. बंद करा." धनाजीनं हात जोडले, बायकोचं नाव सांगितलं. वॉचमन हलेना. शेवटी चावी काढली.

दोन तासांनी बनाबाई शाल गुंडाळून मागं बसली आणि धनाजीनं चावी पुन्हा फिरवली. खळखळाट या वेळी थांबलाच नाही. आत काहीतरी कडाडलं, आणि मग स्टार्टर नुसताच हलका फिरत राहिला.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

पुढच्या दोन खेपा गावात लोकांकडून मागून आणलेल्या गाड्यांनी झाल्या. तिसऱ्या वेळी एकाची गाडी लग्नाला, दुसऱ्याची पानशेतला पाहुणे घेऊन गेलेली. एसटीच्या पायऱ्या तिला चढवेनात. "राहू द्या आजचं," ती म्हणाली. त्याच्या पुढचंही राहिलं. प्रशिकनं इंजिन खोललं तेव्हा सगळे व्हॉल्व्ह वाकले होते.

बनाबाईच्या दहाव्याला नदीवर कुणीतरी माझ्या कानाशी लागलं, "आता ती दुसरी येईल बघा नांदायला."

पुण्यात बाई नव्हती. बंद केलेली गाडी परत चालू होणार नाही अशी धनाजीला भीती होती, आणि चालू गाडी सोडून आत जाता येत नव्हतं, म्हणून तो गाडीत बसायचा.